संबोधन आणि श्रोता : 'किक आउट द जॅम्स' या ध्वनिमुद्रित मैफलीचा संहितादृष्ट्या विचार

१. प्रश्नाची मांडणी

राजकीय आशयाच्या गीतांचा अभ्यास करताना आपण बहुधा त्यांच्या शब्दांपासून आरंभ करतो. गीतात कोणता विचार मांडला आहे, कोणत्या अन्यायाचा निषेध केला आहे, कोणत्या पक्षाची वा चळवळीची बाजू घेतली आहे, हे पाहिले की त्या गीताची राजकीयता आपल्याला गवसली असे आपण मानतो. ही पद्धत छापील कवितेच्या बाबतीत काही प्रमाणात उपयोगी पडते. परंतु जे गीत रंगमंचावरून, समोर उभ्या असलेल्या समूहाला उद्देशून गायले जाते आणि त्याच अवस्थेत ध्वनिमुद्रित होते, त्याच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. येथे संहिता केवळ शब्दांची नसते. निवेदकाची हाक, श्रोत्यांचा प्रतिसाद, वाद्यांचा आघात, दोन गीतांमधला अवकाश हे सर्व संहितेचे घटक असतात.

मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. पोवाड्याच्या छापील प्रतीत शाहिराचे शब्द असतात. झीलकऱ्यांनी धरलेला 'जी जी'चा सूर आणि त्यामुळे फडात निर्माण होणारा सामूहिक होकार मात्र तिच्यात नसतो. कीर्तनाची टिपणे वाचणे आणि कीर्तन ऐकणे यांतील अंतरही असेच आहे. ध्वनिमुद्रणामुळे हे अंतर कमी होते असे आपण गृहीत धरतो. ते खरोखर कमी होते का, आणि कमी होताना त्याची कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी अमेरिकेतील डेट्रॉइट येथील 'एमसी फाइव्ह' या रॉक बँडची 'किक आउट द जॅम्स' ही ध्वनिमुद्रिका निवडली आहे. ती ३० व ३१ ऑक्टोबर १९६८ या दोन रात्री डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूम या सभागृहात ध्वनिमुद्रित झाली आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये इलेक्ट्रा या कंपनीने प्रकाशित केली. निवडीचे कारण असे की, या ध्वनिमुद्रिकेवरून जो वाद उद्भवला तो एखाद्या राजकीय विधानावरून उद्भवला नाही. तो एका संबोधनावरून उद्भवला. गीताची राजकीयता नेमकी कोठे असते, याविषयी हा वाद पुष्कळ काही सांगून जातो.

२. शहर, सभागृह आणि बँड

डेट्रॉइट हे मोटारनिर्मितीचे शहर. 'मोटर सिटी' या त्याच्या लौकिक नावावरूनच 'एमसी फाइव्ह' हे नाव सिद्ध झाले. 'फाइव्ह' म्हणजे पाच वादक-गायक. डेट्रॉइटलगतच्या लिंकन पार्क या उपनगरात, कामगारवस्तीत वाढलेल्या तरुणांनी १९६० नंतरच्या दशकात हा बँड उभा केला. रॉब टायनर हे गायक, वेन क्रेमर आणि फ्रेड स्मिथ हे गिटारवादक, मायकल डेव्हिस हे बेसवादक आणि डेनिस थॉम्प्सन हे ड्रमवादक. टायनर यांचे मूळ आडनाव डर्मिनर. जॉन कोल्ट्रेन यांच्या साथीला असणारे जॅझ पियानोवादक मॅककॉय टायनर यांच्याविषयीच्या आदरातून त्यांनी हे आडनाव धारण केले. हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. गोऱ्या कामगारवर्गातील या तरुणांचा सांगीतिक आदर्श कृष्णवर्णीय संगीत हा होता आणि त्यांच्या राजकारणातील अंतर्विरोधाचे मूळही येथेच शोधावे लागते.

ज्या शहरात हे संगीत घडले त्या शहराने नुकताच मोठा आघात सोसला होता. २३ जुलै १९६७ रोजी पहाटे पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरील एका विनापरवाना मद्यगृहावर छापा घातला. त्यातून उसळलेला उद्रेक पाच दिवस चालला. ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि शहरात लष्कराच्या तुकड्या आणाव्या लागल्या. या घटनेला कोणी 'दंगल' म्हणतात, तर कोणी 'उठाव' म्हणतात. शब्दाच्या निवडीतच भूमिका व्यक्त होते.

ग्रँडी बॉलरूम ही १९२८ साली बांधलेली, नृत्यासाठीची इमारत. रस गिब या शिक्षकाने ऑक्टोबर १९६६ पासून तेथे रॉक संगीताच्या मैफली सुरू केल्या आणि एमसी फाइव्ह हा जणू त्या सभागृहाचा घरचा बँड बनला. आठवड्यामागून आठवडे एकाच मंचावर, बऱ्याच अंशी त्याच श्रोत्यांसमोर वाजवण्यातून बँड आणि श्रोते यांच्यात एक परिचयाची भाषा तयार झाली. या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गोष्टी या परिचयावाचून कळत नाहीत.

बँडला राजकीय दिशा दिली ती त्याचे व्यवस्थापक, कवी व जॅझचे अभ्यासक जॉन सिंक्लेअर यांनी. २५ ऑगस्ट १९६८ रोजी शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात जमलेल्या तरुणांसमोर या बँडने वादन केले. हे वादन शिकागोतील लिंकन पार्क या उद्यानात झाले. बँडच्या गावाचे आणि या उद्यानाचे नाव एकच असणे हा केवळ योगायोग होय. त्या दिवसांत शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी निदर्शकांवर केलेला लाठीहल्ला सर्वश्रुत आहे. पुढे दोन महिन्यांनी ग्रँडीमधील ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबर १९६८ रोजी, सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हाइट पँथर पार्टी' या संघटनेची घोषणा केली. कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर पार्टी'च्या दहा कलमी कार्यक्रमाला संपूर्ण पाठिंबा हे या संघटनेच्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम होते. ध्वनिमुद्रण आणि संघटनेची स्थापना या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे तारखांवरूनच ध्यानात येते.

३. ध्वनिमुद्रिकेची रचना

बँडची पहिलीच ध्वनिमुद्रिका स्टुडिओऐवजी श्रोत्यांसमोर मुद्रित करावी, हा निर्णय त्या काळात असामान्य होता. इलेक्ट्राचे प्रमुख जॅक होल्झमन आणि ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ब्रूस बॉटनिक यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली. या निर्णयामागील गृहीतक असे दिसते की, या बँडचे सामर्थ्य त्याच्या रचनांपेक्षा त्याच्या प्रयोगात आहे. साहित्यविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर, येथे प्रयोगालाच मूळ संहितेचा दर्जा दिला गेला.

ध्वनिमुद्रिकेत एकूण आठ रचना आहेत. पहिल्या बाजूवर चार आणि दुसऱ्या बाजूवर चार. परंतु आरंभ गीताने होत नाही. 'ब्रदर' जे. सी. क्रॉफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रधाराच्या निवेदनाने तो होतो. श्रोत्यांना बंधुभगिनी म्हणून हाक मारीत तो त्यांच्याकडून गजर मागतो. मिळालेला गजर पुरेसा नाही असे सूचित करून तो पुन्हा मागतो. नंतर त्यांच्यापुढे एक निवड ठेवतो : प्रत्येकाने ठरवावे की आपण समस्येचा भाग व्हायचे की उपायाचा. या निर्णयाला अवघी पाच सेकंदे पुरतात, असेही तो बजावतो. त्यानंतरच तो बँडला पाचारण करतो.

या निवेदनाची घडण कृष्णवर्णीय ख्रिस्ती प्रवचनपरंपरेतील आहे. हाक आणि प्रतिसाद, आवाजाची क्रमाक्रमाने चढत जाणारी पट्टी, निर्णयाच्या क्षणाशी आणून सोडणे ही त्या प्रवचनाची सर्व वैशिष्ट्ये येथे आढळतात. निवेदनात कोणतेही धोरण सांगितलेले नाही. युद्ध, वंशभेद, पोलीस यांपैकी कशाचाही थेट उल्लेख नाही. तरीही ते राजकीय आहे. कारण श्रोत्याला 'प्रेक्षक' या निष्क्रिय अवस्थेत राहण्याची मुभा ते नाकारते. ध्वनिमुद्रिकेच्या राजकारणाची ही पहिली पायरी होय.

यानंतर येणारे 'रॅम्ब्लिन रोझ' हे जुने प्रेमगीत आहे. वेन क्रेमर ते अतिशय उंच, कृत्रिम आवाजात गातात. त्यापाठोपाठ येते शीर्षकगीत. 'कम टुगेदर' आणि 'रॉकेट रिड्यूसर' या रचनांनी पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूवर 'बॉर्डरलाइन', 'मोटर सिटी इज बर्निंग', 'आय वाँट यू राइट नाऊ' आणि शेवटी 'स्टारशिप' या रचना आहेत. 'स्टारशिप'च्या श्रेयनामावलीत जॅझ संगीतकार सन रा यांचे नाव आहे. येथे लय हळूहळू सुटत जाते आणि रचना गीताचा आकार सोडून निव्वळ नादाकडे जाते. आरंभी श्रोत्याला आवाहन करणारी ध्वनिमुद्रिका अखेरीस शब्दच मागे टाकते, ही तिची रचनागत दिशा लक्षणीय आहे.

या आठ रचनांपैकी उघडपणे राजकीय म्हणता येईल अशी एकच आहे : 'मोटर सिटी इज बर्निंग'. उरलेल्या रचना प्रेम, शरीर, नशा, वेग आणि संगीत यांविषयीच्या आहेत. केवळ शब्दांचे विश्लेषण करणारा अभ्यासक या ध्वनिमुद्रिकेला राजकीय म्हणण्यास कचरेल. समकालीनांना मात्र तिच्या राजकीयतेविषयी शंका नव्हती. या विसंगतीचे उत्तर शीर्षकगीतात मिळते.

४. एका संबोधनाचा पाठभेद

'किक आउट द जॅम्स' या शब्दप्रयोगाचा मूळ संदर्भ राजकीय नव्हता. 'जॅम' हा संगीतकारांच्या बोलीतील शब्द असून, आधी न ठरवता उत्स्फूर्तपणे केलेले वादन असा त्याचा अर्थ आहे. बाहेरगावचे, विशेषतः ब्रिटनमधून आलेले बँड ग्रँडीच्या मंचावर रेंगाळत वाजवू लागले की, एमसी फाइव्हचे वादक बाजूने ओरडून त्यांना डिवचत असत : वेळ दवडू नका, जोर लावा. वेन क्रेमर यांनी पुढील काळात या शब्दप्रयोगाचा उगम असाच सांगितला आहे. म्हणजे मुळात ही मंचामागची टवाळी होती. परंतु १९६८ च्या वातावरणात आणि सिंक्लेअर यांच्या भाष्यामुळे या शब्दांना अडथळे उधळून लावण्याचा अर्थ प्राप्त झाला. श्रोत्यांनी अर्थ विस्तारला आणि बँडने तो स्वीकारला. शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ आणि त्याचा ग्रहणार्थ यांतील हे अंतर अर्थनिर्णयाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

शीर्षकगीत सुरू होण्यापूर्वी टायनर श्रोत्यांना उद्देशून गीताचे शीर्षक उच्चारतात आणि त्याला आईवरून दिलेल्या एका शिवीची जोड देतात. व्याकरणदृष्ट्या ही शिवी संबोधनाच्या जागी येते. ती कोणा शत्रूला दिलेली नाही. समोरच्या, आपल्याच माणसांना ती हाक म्हणून घातलेली आहे. ग्रँडीतल्या श्रोत्यांनी ती तशीच घेतली. जवळीक असलेल्या माणसांत शिवी हे सलगीचे चिन्ह बनते, याचा अनुभव कोणत्याही भाषिक समाजाला असतो. जे शब्द बाहेरच्यासाठी अपमान ठरतात तेच आतल्यांसाठी आपलेपणाची खूण ठरतात.

प्रश्न उद्भवला तो ही हाक सभागृहाच्या बाहेर गेल्यावर. ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या प्रतींत मूळ संबोधन कायम होते आणि आतल्या बाजूस सिंक्लेअर यांचे आवेशपूर्ण टिपण छापलेले होते. एकेरी तबकडीवर मात्र शिवीच्या जागी 'बंधुभगिनींनो' अशा अर्थाचे सौम्य संबोधन होते. डेट्रॉइटच्या हडसन्स या मोठ्या दुकानाने दीर्घ तबकडी विक्रीस ठेवण्याचे नाकारले. तेव्हा बँडने 'ॲन आर्बर आर्गस' या भूमिगत वृत्तपत्रात जाहिरात दिली. तिच्यात हडसन्सला उद्देशून शिवी होती आणि इलेक्ट्राचे बोधचिन्हही होते. परिणामी हडसन्सने इलेक्ट्राच्या सर्वच ध्वनिमुद्रिका आपल्या दुकानांतून हटवल्या. इलेक्ट्राने दीर्घ तबकडीची सौम्य आवृत्ती काढली, सिंक्लेअर यांचे टिपण वगळले आणि १९६९ मध्येच बँडशी असलेला करार संपवला.

येथे एकाच संहितेचे दोन पाठ आपल्यासमोर येतात. मराठीत पाठचिकित्सेची परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये 'ज्ञानेश्वरी'च्या प्रती ताडून पाहून तिचे शुद्धीकरण केले. अशा चिकित्सेत पाठभेद बहुधा लेखनिकाच्या हातून वा काळाच्या ओघात निर्माण झालेला असतो आणि मूळ पाठ निश्चित करणे हे संपादकाचे कार्य असते. प्रस्तुत उदाहरणात पाठभेद बाजाराच्या दडपणातून निर्माण झाला आहे. मूळ पाठ कोणता याविषयी संदेह नाही आणि पुढील काळातील सीडी आवृत्त्यांत तो पुन्हा आलाही आहे. तेव्हा 'शुद्ध पाठ कोणता?' यापेक्षा 'पाठ बदलल्याने काय बदलले?' हा प्रश्न येथे अधिक फलदायी आहे.

वरवर पाहता फारसे काही बदलले नाही. 'बंधुभगिनींनो' हे संबोधन ध्वनिमुद्रिकेला परके नव्हते; क्रॉफर्ड यांच्या आरंभीच्या निवेदनात तेच आहे. चळवळीच्या भाषेत तर ते अधिकच प्रतिष्ठित होते. तरीही फरक पडतो. क्रॉफर्ड यांचे संबोधन श्रोत्यांना एका उदात्त समूहात सामील करून घेते. टायनर यांचे संबोधन त्या उदात्ततेला लगेच छेद देते आणि समूहाला पुन्हा रस्त्यावरच्या बोलीत आणून सोडते. मूळ पाठात ही दोन संबोधने परस्परांना तोलतात. सौम्य पाठात दोन्ही ठिकाणी एकच संबोधन आल्याने हा तोल नाहीसा होतो आणि प्रवचनाचा सूर तेवढा उरतो. म्हणजे सेन्सॉरने एक अश्लील शब्द काढला असे म्हणणे अपुरे आहे. त्याने दोन भाषास्तरांमधील ताण काढून घेतला. विचार शाबूत राहिला. तो विचार कोण कोणाशी कोणत्या नात्याने बोलत आहे, हे मात्र पुसले गेले.

५. दुसऱ्याच्या वेदनेचे गायन

'मोटर सिटी इज बर्निंग' हे गीत प्रथम जॉन ली हूकर या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाने १९६७ साली, डेट्रॉइटच्या उद्रेकानंतर ध्वनिमुद्रित केले. हूकर स्वतः डेट्रॉइटमध्ये दीर्घकाळ राहिलेले. त्यांच्या गायनातील निवेदक हा जळते शहर पाहणारा असहाय साक्षीदार आहे. आपल्या हाती करण्यासारखे काही नाही, हे तो जाणतो. त्याचा स्वर शोकाचा आहे.

एमसी फाइव्हने हेच गीत संथ ब्लूजच्या चालीत गायले. मात्र त्यात त्यांनी मोजके, पण निर्णायक बदल केले. गच्चीवरून गोळ्या झाडणाऱ्यांना ब्लॅक पँथर ही ओळख दिली. हूकर यांच्या निवेदकाची असहायता त्यांनी निवेदकाकडून काढून गोऱ्या समाजाच्या पदरात टाकली. शेवटी तर गायक स्वतःच्या गोरेपणाचा उल्लेख करतो आणि स्वातंत्र्यासाठी आपणही एक काडी ओढू इच्छितो, असे सुचवितो. साक्षीदाराचे गीत अशा रीतीने सहभागी होऊ पाहणाऱ्याचे गीत झाले.

या रूपांतराचे मूल्यमापन करताना सहानुभूती आणि चिकित्सा दोन्ही आवश्यक आहेत. एका बाजूने, गायकाने स्वतःचा वर्ण लपविलेला नाही. तो ज्या समाजाचा आहे त्याच समाजाविरुद्ध बोलत आहे, हे तो उघडपणे सांगतो. दुसऱ्या बाजूने, ज्यांची घरे जळाली आणि ज्यांचे आप्त मृत्युमुखी पडले त्यांचा शोक या रूपांतरात मागे पडतो. हूकर यांच्या गीतात आग ही आपत्ती आहे. एमसी फाइव्हच्या गीतात ती आश्वासन बनते. ज्याला त्या आगीची झळ सर्वांत कमी लागली त्याने तिला आश्वासन म्हणावे, यातील नैतिक अडचण दुर्लक्षिता येत नाही. ग्रँडीचा श्रोतृवर्ग मुख्यतः गोऱ्या तरुणांचा होता, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. गीतातील 'आपण' कोण, हा प्रश्न पुन्हा संबोधनापाशीच येऊन थांबतो.

मराठीत दलित साहित्याच्या निमित्ताने स्वानुभव आणि सहानुभव यांविषयी जी दीर्घ चर्चा झाली, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक इतकाच की, येथे तो लेखकापुरता मर्यादित राहत नाही. मैफलीत गायकाबरोबर श्रोतेही त्या 'आपण'मध्ये सामील होतात आणि त्यांच्या गजराने त्या सर्वनामाला बळ मिळते. परदुःखाचा स्वीकार आणि परदुःखावरचा कब्जा यांतील सीमारेषा अशा सामूहिक क्षणी पुसट होते.

६. ध्वनिमुद्रणाची मर्यादा

ध्वनिमुद्रणामुळे प्रयोग जसाच्या तसा टिकून राहतो, ही समजूत या उदाहरणाच्या आधारे तपासून पाहता येते. पहिली गोष्ट अशी की, ऐकणाऱ्याला जी एक सलग मैफल वाटते ती दोन रात्रींच्या ध्वनिमुद्रणातून सिद्ध झालेली आहे. तिच्यातील सलगता ही काही अंशी संपादनाची निर्मिती आहे. बँडच्या सदस्यांनीही पुढे या ध्वनिमुद्रणाविषयी असमाधान व्यक्त केले. आपण यापेक्षा चांगले वाजवीत होतो, असे त्यांना वाटत असे. प्रत्यक्ष प्रयोगात एखादी चूक क्षणात विरून जाते. ध्वनिमुद्रणात ती संहितेचा कायमचा भाग बनते.

दुसरी गोष्ट श्रोत्याची. ग्रँडीतील श्रोत्याला क्रॉफर्ड यांची पाच सेकंदांची मुदत खरी होती. त्याला त्याच जागी, इतरांच्या साक्षीने होकार द्यावयाचा होता. घरी बसून तबकडी ऐकणाऱ्याला ती मुदत हवी तितक्या वेळा पुन्हा मिळते. निर्णयाची निकड जाते आणि निकडीचा केवळ आवाज उरतो. ही ध्वनिमुद्रिका बिलबोर्डच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि एकेरी तबकडी ब्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत. म्हणजे ग्रँडीच्या श्रोत्यांच्या अनेकपट लोकांनी ती ऐकली. त्यांपैकी पुष्कळांना ना ते सभागृह ठाऊक होते, ना ते शहर.

समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी एप्रिल १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात या ध्वनिमुद्रिकेवर कठोर टीका केली. त्यांना तिच्यात आवेशाचा देखावा अधिक दिसला. पुढे त्यांचे मत पालटले आणि ते याच प्रकारच्या संगीताचे पुरस्कर्ते बनले. या मतांतराकडे केवळ व्यक्तिगत बदल म्हणून पाहू नये. संदर्भापासून तुटलेले संबोधन प्रथम पोकळ वाटते. श्रोत्याने तो संदर्भ स्वतः उभा केला म्हणजे तेच संबोधन पुन्हा भरीव होते.

तिसरी गोष्ट बाजाराची. ज्या व्यवस्थेविरुद्ध बंड पुकारले होते तिच्याच एका कंपनीने ते बंड तबकडीत बंदिस्त करून विकले आणि व्यवहार अडचणीत येताच त्यातून अंग काढून घेतले. एवढ्यावरून बँडला दांभिक ठरविणे घाईचे होईल. दूरवर पोहोचावयाचे तर तबकडी हवी, आणि तबकडी हवी तर कंपनी आणि दुकान दोन्ही आली. हडसन्सने नकार दिला तो बँडच्या विचारसरणीला नव्हे. आपल्या ग्राहकाच्या कानी हा शब्द पडू नये, ही त्या दुकानाची चिंता होती. म्हणजे ग्रँडीच्या श्रोत्यांसाठी घातलेली हाक ज्यांच्यासाठी ती नव्हती त्यांच्यापर्यंत गेली आणि तेथे तिचा अर्थ उलटला. ध्वनिमुद्रण जे पसरविते ते शब्द आणि स्वर होत. ज्या नात्यात ते उच्चारले गेले ते नाते त्याला सोबत नेता येत नाही.

यापुढचा इतिहास थोडक्यात असा. बँडने अटलांटिक या कंपनीसाठी 'बॅक इन द यूएसए' (१९७०) आणि 'हाय टाइम' (१९७१) या ध्वनिमुद्रिका स्टुडिओत तयार केल्या. जुलै १९६९ मध्ये सिंक्लेअर यांना गांजाच्या दोन सिगारेटींच्या प्रकरणात साडेनऊ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. १० डिसेंबर १९७१ रोजी ॲन आर्बर येथे त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या मेळाव्यात जॉन लेनन यांनी गायन केले आणि तीन दिवसांनी सिंक्लेअर यांची सुटका झाली. ३१ डिसेंबर १९७२ रोजी एमसी फाइव्हची अखेरची मैफल ग्रँडी बॉलरूममध्येच झाली. २०२४ साली क्रेमर, सिंक्लेअर आणि थॉम्प्सन या तिघांचे काही महिन्यांच्या अंतराने निधन झाले आणि मूळ पाच जणांपैकी कोणीही उरले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने बँडचा गौरव केला. ज्या हाकेला एके काळी दुकानात जागा नव्हती तिला संग्रहालयात जागा मिळाली.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात.

पहिला, प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात राजकीयतेचे प्रमुख स्थान गीताचा विषय हे नसून संबोधन हे असते. कोण, कोणाला, कोणत्या नात्याने हाक घालतो, यावर त्या संहितेचा अर्थ अवलंबून असतो. 'किक आउट द जॅम्स'च्या आठ रचनांपैकी एकच विषयदृष्ट्या राजकीय असूनही संपूर्ण ध्वनिमुद्रिका राजकीय ठरते, याचे कारण हेच.

दुसरा, सेन्सॉरचा अभ्यास करताना वगळलेल्या शब्दाच्या अश्लीलतेपाशी थांबू नये. त्या शब्दाने संहितेत कोणते नाते प्रस्थापित केले होते आणि पर्यायी शब्दाने ते कसे बदलले, हे पाहिले पाहिजे.

तिसरा, समूहाच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येक गीतातील 'आपण' या सर्वनामाची चिकित्सा आवश्यक आहे. गायकाची बांधिलकी प्रामाणिक असली तरी तो ज्यांच्या वतीने बोलतो ते त्या सभागृहात उपस्थित आहेत की नाहीत, हा प्रश्न उरतोच. प्रामाणिकपणा हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

चौथा, ध्वनिमुद्रण हे प्रयोगाचे प्रतिबिंब नसून प्रयोगाची एक आवृत्ती आहे; तिला निर्माते, संपादक, विक्रेते आणि वाचक-श्रोते असतात. छापील आवृत्तीला लावतो तीच चिकित्सक शिस्त आपण तिला लावली पाहिजे.

शाहिरी, जलसे आणि लोकनाट्य यांची ध्वनिमुद्रणे आज मराठीच्या अभ्यासकाला पूर्वीपेक्षा सहज उपलब्ध होत आहेत. त्यांतून शब्द उतरवून घेऊन त्यांचा अर्थ लावणे हे काम आवश्यक आहे, परंतु ते पहिले काम आहे. शाहीर गाण्यापूर्वी कोणाला हाक मारतो, त्या हाकेला कोणता आवाज उत्तर देतो आणि उत्तर देणाऱ्यांत कोणाचा आवाज ऐकू येत नाही, हे ऐकण्याची सवय आपल्या अध्ययन-अध्यापनात रुजावयास हवी. संहितेचा एक महत्त्वाचा भाग कागदावर कधी उतरलेलाच नसतो, याचे भान त्यातून विद्यार्थ्यांना येईल.